बादशहाच्या महालातली दुपार

१

फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसच्या दिवाळीला चार दिवस राहिले असताना वैजीनाथ चीनहून वालूरला परत आला. सेलूच्या स्टेशनात करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या शिपायांनी त्याची लोखंडी पेटी उपसून पाहिली. चहाच्या पुड्या आणि दोन सदरे यांपलीकडं तीत काही निघालं नाही, म्हणून त्यालाच चार शब्द सुनावून त्यांनी सोडून दिलं. सहा वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरणीत म्हणून गेला होता. गिरणीतून काढल्यावर एका पारशी शेटजीच्या पेढीवर दरवान झाला आणि शेटजीनं त्याला आगबोटीत बसवून थेट शांघायच्या वखारीवर नेलं. तिकडं जपान्यांची लढाई पेटली, वखारीला कुलूप लागलं आणि दरवानाची गरज उरली नाही.

या सहा वर्षांत त्याची बायको चतुराबाई घरचं शेत आणि म्हातारी सासू सांभाळून होती. मूलबाळ नव्हतं. वर्षातून एक पत्र यायचं, ते शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. पत्रात सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारलेली असायची आणि चतुराबाईचं नाव सगळ्यात शेवटी यायचं, बैलांच्या नंतर.

आता दुपारची जेवणं झाली, की आळीतली माणसं अंगणातल्या लिंबाखाली येऊन बसत. घर साधंच होतं. दोन खोल्या, वर मातीचं माळवद, पुढं अंगण, अंगणाच्या एका कडेला लिंब आणि दुसऱ्या कडेला गोठा. वैजीनाथ आगबोटीचं सांगे, तिकडच्या पावसाचं सांगे. पण माणसांना हवं असायचं एकच. शेजारचे किशनराव पान लावता लावता म्हणत, "वैजीनाथा, बादशहाचा महाल सांग."

"पेकिन शहराच्या बाहीर हाय ते," वैजीनाथ सुरू करी. "शेटजीनं हवा बदलायला जाताना मला नेलतं. माणूस वढतो तसल्या गाडीत शेटजी अन् मागं पायी मी. महाल म्हंजे आता निस्ते दगड. पांढरेफेक. कवाच्या काळी परमुलखाच्या फौजंनं जाळला म्हणं. खांब आडवे पडल्यात, त्यावर अशी नक्षी, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी फूल हाताला लागतंय. तळं हाय, पर पाणी न्हाई, लव्हाळा माजलाय. भिंती न्हाईत, कवाडं न्हाईत. पर उंबरे हाईत."

"उंबरे?"

"गुडघ्याएवढाले. दगडी. एक उंबरा, मग गवत, मग आणिक उंबरा. तिथं एक म्हातारा शेळ्या चारायलता. त्यानं हातवारे करून मला सांगितलं, उंबऱ्यावर पाय द्यायचा न्हाई, वलांडायचा. अन् कुणी सामनं आलं तर बाजूला व्हायचं."

"पडीक जागंत कोण येतंय सामनं?"

यावर वैजीनाथ हसे. "कोण येणार," म्हणे. "मग जरा बसलो. मग आलो."

चतुराबाई आतल्या खोलीत सरकी काढत हे ऐकत असे. पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर एक दिवस तिचा हात थांबला. तो महालात शिरला तेव्हा सूर्य डोक्यावर होता, असं तो दर वेळी सांगे. आणि निघाला तेव्हा शेटजी कंदील घेऊन वाटेवर उभा होता, तीन माणसं लावून तुला धुंडला म्हणून त्याच्यावर लय तापला होता, हेही सांगे.

जरा बसलेल्या माणसाला कुणी तीन माणसं लावून शोधत नाही.

२

दोन दिवस तिनं हे मनात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा भाकरी वाढता वाढता विचारलं, "तिथं कुणाजवळ बसलात तुमी?"

"कुठं?"

"महालात."

त्याचा हात भाकरीवर जिथल्या तिथं राहिला. त्यानं वर पाहिलं नाही. "कुणाजवळ न्हाई," तो म्हणाला. मग, तिनं विचारलेलं नसताना, "सावली होती तिथं," एवढंच बोलला.

चतुराबाईनं पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती लिंबाखालची हकीकत ऐकण्याऐवजी पाहू लागली. खोलीच्या दारातून त्याचं तोंड दिसे. आगबोट, पाऊस, तांदूळ, शेटजी, सगळं तो नेहमीच्या तोंडानं सांगे. 'मग जरा बसलो' या तीन शब्दांपाशी आला, की त्याच्या तोंडावर काहीतरी उमटून जाई. फार नाही. भर उन्हातून आलेल्या माणसाला गार पाण्याचा तांब्या हातात मिळावा, तसं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली सहा तो नव्हता आणि उरलेल्या पाच वर्षांत हे तोंड तिनं पाहिलं नव्हतं. चीनला गेलेल्या माणसानं तिकडं बाई ठेवली असेल, तर तो राग तिला करता आला असता. तशा बाया असतात, त्यांना शिव्या देता येतात. इथं शिवी कुणाला द्यायची, तेच कळत नव्हतं. पडक्या दगडांना?

सासू बायनाबाई म्हणाली, "का गं, आलाय ते बग की जीव घेऊन. तुझं त्वांड कामून असं?"

"काय न्हाई," चतुराबाई म्हणाली. "सरकीची धूळ बसलीय."

३

शिमगा झाल्यावर दुपारची बैठक मोडली. उन्हामुळं कुणी येईना. वैजीनाथ जेवून एकटाच अंगणात उतरे, लिंबाखाली पडे. एके दिवशी चतुराबाई खरकटं काढत असताना तिनं पाहिलं, तो लिंबाकडं चालला होता आणि अंगणाच्या मधोमध त्यानं उजवा पाय गुडघ्याइतका वर उचलला, पुढं टेकला, मग डावाही तसाच उचलला आणि पुढं चालू लागला.

तिला वाटलं काटा चुकवला. ती जाऊन पाहून आली. काटा नव्हता, खडा नव्हता. सकाळीच तिनं तिथं सडा घातला होता, ती सारवलेली सपाट जमीन होती.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच जागी. आणि लिंबापाशी पोचल्यावर त्यानं आणखी एक गोष्ट केली. वाटेतून बाजूला झाला. पाठ झाडाला लावली, हात पुढं घेतले, मान खाली घातली. गावात महसुलाच्या गिरदावराची स्वारी आली म्हणजे माणसं होतात तसा. पण साहेबाला वाट देणाऱ्या माणसाच्या तोंडावर धास्ती असते. याच्या तोंडावर ती नव्हती. खाली घातलेली मान त्यानं हळूहळू गोठ्याच्या दिशेनं वळवली, जणू कुणीतरी त्याच्यापुढून संथपणे निघालं होतं. मग त्यानं नजर वर केली, आणि चतुराबाईला ते तोंड दिसलं. गार पाण्याच्या तांब्याचं.

गोठ्यात बैल रवंथ करत होते. त्यांची तोंडं थांबली होती आणि चारही कान एका बाजूला वळले होते.

चतुराबाई काही खुळी नव्हती. तिनं सगळा विचार करून पाहिला. तिकडं लोक अफू ओढतात म्हणत; तिनं त्याची पेटी हुंगली, चहाचाच वास आला. लढाईत बाँब पडताना पाहिलेला माणूस भ्रमिष्ट होतो म्हणतात. पण तो बाजाराचा हिशेब चोख सांगे आणि बैलाच्या खुराला औषधही नीट लावी. वैद्यानं उष्णता म्हणून पूड दिली, ती त्यानं आठ दिवस मुकाट्यानं घेतली आणि आठही दिवस लिंबाखाली वाट दिली.

तिनं सासूला दाखवलं. बायनाबाई दारातून डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

"तिकडची रीत आसंल," ती म्हणाली. "देवाधर्माची."

"देवाला असं बघत्यात का माणसं?"

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मग चतुराबाई मोजू लागली. तो बाजूला होतो तिथपासून त्याची मान गोठ्याच्या भिंतीशी थांबेपर्यंत ती मनात आकडे म्हणे. ती स्वतः तेवढं अंतर बारा आकड्यांत चालून जाई. त्याच्या मानेला तीस लागत. जी कुणी जाते ती अगदी लहान लहान पावलं टाकते, असं तिनं ठरवून टाकलं. तिला त्या पावलांचा राग आला. एवढं हळू चालायला सवड कुणाला असते? जिला पाणी आणायचं नसतं, सरपण आणायचं नसतं, जिच्यासाठी कुणीतरी उन्हात उभं राहतं, तिला.

४

एका दुपारी चतुराबाईनं हिरवं इरकली लुगडं नेसलं आणि रिकामी घागर कमरेवर घेतली. वैजीनाथ मधला न दिसणारा उंबरा ओलांडून लिंबाकडं निघाला तशी ती मागच्या बाजूनं वळसा घालून आधीच तिथं गेली आणि तो बाजूला झाला त्याच क्षणी त्याच्यापुढून गोठ्याकडं चालू लागली. हळू. लहान पावलं टाकत. मनात आकडे म्हणत.

पंधरापर्यंत तिनं मान वर केली नाही. मग केली.

तो तिच्याकडं पाहत होता. त्याच तोंडानं.

गोठ्याशी पोचल्यावर ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. तो मागून आला आणि म्हणाला, "रिकामी घागर घेऊन कुठं निघालीस गं?" पण आवाज मऊ होता. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिला जवळ बसवून घेतलं. लहानपणी दुधना नदीत बुडता बुडता कसा वाचला, ते सांगितलं. अकरा वर्षांत त्यानं तिला हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. ही आपलीच वाट आहे, आपल्याच अंगणातली, हिच्यावर दुसरीचा हक्क काय, असं ती स्वतःला सांगे. ती ज्या वेळी चाले त्या वेळी दुसरी कुठं असते, हा विचार तिनं एकदाच केला आणि मग सोडून दिला.

चालता चालता तिला वाट ठाऊक झाली. लिंबापासून सात पावलं, मग किंचित डावीकडं, मग पुन्हा सरळ. असं का, ते तिला सांगता आलं नसतं. सरळ गेलं तर अंगाला खेटल्यासारखं होई, एवढंच. चैत्र सरता सरता एक दिवस सातव्या पावलानंतर ती बेसावध होती. मनात सासूच्या खोकल्याचं काहीतरी चाललं होतं. तिची नडगी कशावर तरी जोरात आपटली आणि डोळ्यांपुढं चांदण्या आल्या.

तिनं खाली पाहिलं. सारवलेलं अंगण होतं. एक कोंबडी पंख पसरून धुळीत लोळत होती.

आत जाऊन तिनं लुगडं वर केलं. नडगीवर चार बोटं रुंद, आडवा, सरळ वळ उठला होता. संध्याकाळपर्यंत तो निळा पडला. तिनं त्यावर हळद भरली. भ्यायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण हळद लावताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तुझ्या घराचे उंबरे आता मलाही कळले, बाई. आता तू काय एकटी न्हाईस.

५

वैशाखातली ती दुपार. शिवारात चिटपाखरू नव्हतं. बायनाबाई आत घोरत होती, तिचा आवाज अंगणापर्यंत येत होता. वैजीनाथ लिंबाशी बाजूला झाला. चतुराबाई तेच हिरवं लुगडं नेसून निघाली. सात पावलं, उंबरा, डावीकडं, पुन्हा सरळ. तीस आकडे संपले.

गोठ्याची भिंत यायला हवी होती.

तिचा पाय आपोआप उचलला गेला, गुडघ्याइतका, आणि पलीकडं टेकला तो गवतात. गवत गार होतं. घोट्यांना ओलं लागलं. सासूचं घोरणं ऐकू येईनासं झालं. ते थांबलं नव्हतं, लांब गेलं होतं, दुसऱ्या गावातून यावं तसं.

तिनं मान वर केली. जे दिसलं ते तिनं पुढं कधी कुणाला नीट सांगितलं नाही. सांगायला फार काही नव्हतंही. पांढरे दगड होते, माणसाहून उंच आणि माणसाहून लांब. एक खांब आडवा पडला होता. त्याच्या अलीकडं गवत दबलं होतं, रोज कुणी येऊन बसल्यासारखं, आणि तिथं सावली होती. सावली कशाची ते कळत नव्हतं, कारण वर छप्पर नव्हतं आणि झाडही नव्हतं. कुठंतरी शेळी ओरडली. पलीकडं लव्हाळा हलत होता, वारा नसताना.

ती दबलेल्या गवतापाशी गेली. भीतीपेक्षा तिला बघायचंच जास्त होतं. हीच ती जागा. इथंच तो बसला होता आणि शेटजीची तीन माणसं त्याला हाका मारत फिरत होती. तिनं वाकून दबलेल्या गवतावर हात ठेवला. ते ऊबदार होतं. कुणीतरी आत्ताच उठून गेलं होतं.

कुठं गेलं असेल?

ती वळली. आली त्या बाजूला उंबऱ्यांची रांग होती, एकामागं एक, लहान लहान होत गेलेली, आणि अगदी शेवटी, परातीएवढं, तिचं अंगण दिसत होतं. लिंब होता. लिंबाखाली वैजीनाथ बसला होता. त्याच्या शेजारी हिरव्या इरकली लुगड्यातली एक बाई इकडं पाठ करून बसली होती. बाई बोलत होती. तिचं तोंड दिसत नव्हतं, पण मान हलत होती आणि वैजीनाथ तिच्याकडं इतका झुकला होता, की त्याचं कपाळ तिच्या पदराला लागत होतं. तो ऐकत होता. असा, की शब्द सांडू नये.

चतुराबाईनं हाक मारली. आपलाच आवाज तिला ऐकू आला नाही. ती धावली. एक उंबरा, गवत, दुसरा उंबरा. येताना दोनच ओलांडले होते. आता ती ओलांडत राहिली आणि अंगण काही मोठं होईना. पाचव्या का सहाव्या उंबऱ्याशी ते दोघं उठले. बाई घराकडं वळली. आता तोंड दिसेल, असं वाटलं तेव्हाच चतुराबाईचा पाय अडखळला.

ती गोठ्याच्या भिंतीशी हातांवर पडली होती. अंगणात दिवेलागणीचा उजेड होता. बैल दावणीशी उठून उभे होते आणि तिच्याकडं पाहत होते.

"आगं, पडलीस का काय?" दारातून बायनाबाई म्हणाली. "आत्ता तर आत होतीस. डाळ शिजत घातली न् बाहीर कवा आलीस?"

६

चुलीवर डाळ शिजत होती. कुणीतरी तिला फोडणी दिली होती. चतुराबाईनं चाखून पाहिली. ती स्वतः करी तशीच होती. मीठ मात्र जरा बेतात होतं, तिचा हात नेहमी जड पडे.

वैजीनाथ पोटभर जेवला. हात धुऊन झाल्यावर तो तिच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "दुपारी सांगितलंस ते आणिक एकदा सांग की."

"काय?"

"ते."

"काय ते?"

तो हसला. थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "तुझ्या मनात आलं म्हंजे सांग."

त्या दिवसानंतर त्यानं पाय उचलून चालणं सोडलं. लिंबाखाली वाट देणंही सुटलं. अंगणातून तो चारचौघांसारखा सरळ चालत जाई. बायनाबाईनं वैद्याच्या पुडीला श्रेय दिलं आणि मारुतीला नारळ फोडला. घर मार्गाला लागलं, असं सगळ्यांनाच वाटलं. वैजीनाथ बायकोला टाकून बोलेना, शेतातून येताना पदरात घालायला कैऱ्या आणी. आळीतल्या बाया म्हणाल्या, चतुराबाईनं सहा वर्षं काढली, त्याचं फळ मिळालं.

चतुराबाई मात्र आतून पेटली होती. ती दोन महिने त्याच्याकडून एकच गोष्ट काढू पाहत होती. कधी गोडीनं, कधी रागानं. "मी त्या दिवशी काय म्हणलं, तेवढं मला सांगा."

"तुलाच ठाऊक."

"पर तुमच्या तोंडून ऐकू द्या की."

"माझ्या तोंडून त्येची गंमत जाईल," तो म्हणे, आणि वाट पाहत तिच्याकडं बघत राही. ती काहीबाही सांगून पाही. सहा वर्षांत किती रडले ते सांगितलं. माहेरच्या विहिरीचं सांगितलं. मनात कुणाला कधी न सांगितलेलं एक-दोन होतं, तेही सांगितलं. तो ऐकून घेई, मान डोलवी आणि शेवटी म्हणे, "चांगलंय. पर त्या दिवसावानी न्हाई."

ती भर दुपारी लिंबापासून गोठ्यापर्यंत चालून पाही. सात पावलं, डावीकडं, सरळ. नडगीला काही लागत नसे. भिंत भिंतच होती. तिनं भिंतीला कान लावला, थापट्या मारल्या. तिला परत जायचं नव्हतं. तिला फक्त त्या बाईला गाठून विचारायचं होतं. वैजीनाथ सावलीतून म्हणे, "उन्हात काय करायलीस? इकडं ये, बस." आणि ती बसली, की त्याच्या डोळ्यांत पुन्हा तीच आशा.

आपला नवरा आपल्यावर जीव टाकतो आणि तो जीव आपल्यावर नाही, हे कुणाला सांगावं? सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं तिलाच वैद्याकडं नेलं असतं.

७

पंचमीला पाथरीहून तिचा भाऊ व्यंकटराव गाडी घेऊन न्यायला आला. जावं की नाही, याचा तिनं रात्रभर विचार केला होता. पण सण होता, भाऊ दारात होता, आणि वैजीनाथच म्हणाला, "जा चार दिस. म्या हाय की घरी." तिनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. वैजीनाथ वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत आला आणि गाडी ओढ्याच्या उतारावर वळेपर्यंत उभा राहिलेला तिला दिसला.

माहेरी तिनं झोके घेतले, फेर धरला, आईच्या हातचे दिंड खाल्ले. चार दिवसांचे पाच झाले. आईनं विचारलं, "जावाई नीट बोलत्यात का गं?" ती म्हणाली, "लय नीट बोलत्यात." आणि ते खोटं नव्हतं.

परतताना व्यंकटरावाला सेलूला बैल बघायला जायचं होतं, म्हणून त्यानं तिला वालूरच्या वेशीवर उतरवलं. ती गाठोडं घेऊन एकटीच घरी आली. तिसरा प्रहर होता. बायनाबाई दाराशी सूप घेऊन तांदळातले खडे काढत बसली होती. सुनेला पाहून तिनं सूप थांबवलं आणि गाठोड्याकडं बोट केलं.

"निघालीस व्हय पाथरीला? व्यंकटराव आला का न्यायला?" म्हातारी म्हणाली. "पंचमी होऊन गेली की. म्या म्हणलं औंदा जातीस का न्हाई."

चतुराबाई उभीच राहिली. म्हातारीचे डोळे शाबूत होते. थट्टा करायचा तिचा स्वभाव नव्हता.

"आत्याबाई, म्या पाच दिस कुठं होते?"

"कुठं म्हंजे? हितंच. सकाळी माझ्या डोक्याला तेल घातलंस की." तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि तो नाकाशी नेऊन हुंगला.

घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एकसारखा, दमदार नाही, हलक्या हाताचा. मध्येच तो थांबे, आणि थांबला की बारीक बोलण्याचा आवाज येई. शब्द कळत नव्हते. वैजीनाथचा हसण्याचा आवाज मात्र तिनं ओळखला.

वेशीकडं परत पळावं, भावाची गाडी गाठावी, असं तिच्या मनात आलं असतं तर ते साहजिक होतं. ते आलं नाही. तिच्या मनात आलं, ते आज ऐकायला मिळेल. तिनं गाठोडं सासूजवळ टाकलं, पदर कमरेला खोचला आणि पावलांचा आवाज न करता पुढची खोली ओलांडून चुलीच्या खोलीत शिरली.

तवा तापला होता. काटवटीत अर्धी थापलेली भाकरी होती, तिच्यावर बोटांचे ठसे ताजे होते. चुलीपुढचा पाट रिकामा होता. वैजीनाथ भिंतीला टेकून त्या पाटाकडं तोंड करून बसला होता आणि त्याच्या तोंडावर ते सगळं अजून तसंच होतं.

तिनं पाटावर हात ठेवला. पाट ऊबदार होता. ती त्यावर बसली. काटवट पुढं ओढली आणि भाकरी थापू लागली. भाकरी गोल येत होती. तो वाट पाहत होता. म्हणून ती बोलू लागली. पांढऱ्या दगडांचं सांगितलं, दबलेल्या गवताचं सांगितलं, नसलेल्या छपराखालच्या सावलीचं सांगितलं. आपल्याला जे ठाऊक होतं ते सगळं, जीव तोडून सांगितलं.

वैजीनाथनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि तो सावरून बसला, पाय आखडून घेतले, सदऱ्याची गुंडी लावली. परक्या घरची बाई समोर असावी तसा, अदबीनं.

"बसा तुमी," तो म्हणाला. "ती येईलच एवढ्यात."